छोट्या विमानाने लांबचा प्रवास: आखणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांच्याकडे खासगी वैमानिकाचं लायसन्स आहे आणि ज्यांना आता शिकलेल्या परिसराबाहेर, काहीशे मैल दूर जायचं आहे, त्यांच्यासाठी हे पान आहे. विमान एका इंजिनाचं, दोन ते चार आसनांचं आणि उड्डाण व्हीएफआर, म्हणजे बाहेर बघून करायचं, असं इथे धरलं आहे. उदाहरणांतले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. प्रत्यक्ष उड्डाणासाठी आकडे तुमच्या विमानाच्या हँडबुकातून आणि नियम तुमच्या देशाच्या हवाई नियामकाकडून घ्या.

आखणी कुठून सुरू करायची? आधी नकाशा की आधी हवामान?

आधी परतीची वाट. नकाशावर रेघ ओढायला हात शिवशिवतात, आणि ती ओढायला पाच मिनिटंही लागत नाहीत. पण "इथपर्यंत जमलं नाही तर मी काय करणार?" या प्रश्नाची उत्तरं प्रत्येक टप्प्यासाठी आधी लिहून काढा, मग रेघ ओढा. कुठून मागे फिरणार, आडवाटेला कोणत्या विमानतळावर उतरणार, कितीच्या पुढे उशीर झाला तर आज निघणारच नाही, हे सगळं कागदावर हवं.

याचं कारण सरळ आहे. आदल्या संध्याकाळी, जमिनीवर, शांतपणे घेतलेला निर्णय हा दमलेल्या डोक्याने हवेत घेतलेल्या निर्णयापेक्षा जवळजवळ नेहमी चांगला असतो. हवेत दोन तास गेले, मुक्काम चाळीस मैलांवर आला, की माणूस ढगांकडे बघतो आणि त्याला ते होते त्यापेक्षा उंच दिसू लागतात. तेव्हा नव्याने विचार करायची वेळ येऊ नये. आधीच ठरवलेलं फक्त पाळायचं असावं. खालच्या बहुतेक उत्तरांच्या मुळाशी हेच आहे.

एका टप्प्यात किती लांब जावं?

अंतरात नको, वेळेत विचार करा. टाकीत लिटर असतात, पण वैमानिकाला त्यातून मिळतो तो वेळ. त्या वेळात किती अंतर कापलं जाईल ते वारा ठरवतो.

उदाहरण घेऊ. वापरता येईल असं इंधन १५० लिटर आणि क्रूझमधला खप ताशी ३५ लिटर. टॅक्सी, टेकऑफ आणि चढण यांसाठी ६ लिटर जास्तीचे धरा. एक पूर्ण तासाचं राखीव इंधन, म्हणजे ३५ लिटर, बाजूला काढा. उरले १०९ लिटर, म्हणजे साधारण तीन तास सात मिनिटं. हवेतला वेग ११० नॉट (ताशी सागरी मैल) असेल तर वारा नसताना सुमारे ३४० सागरी मैल होतात. समोरून ३० नॉटचा वारा असेल तर त्याच इंधनात जेमतेम २५०. विमान तेच, टाकी तीच, आणि फरक ९० मैलांचा.

म्हणून मी अडीच तासांपेक्षा मोठा टप्पा सुचवत नाही, टाकी पाच तासांची असली तरी. शरीरही तेवढंच सांगतं. सततचा आवाज, कंपनं, ऊन आणि लक्ष ठेवण्याचा ताण यांनी तिसऱ्या तासाला माणसाची धार कमी होते, आणि लँडिंग नेमकं शेवटी असतं.

"वापरता येईल असं" हे शब्द महत्त्वाचे आहेत. टाकीच्या तळाशी राहणारं थोडं इंधन इंजिनापर्यंत पोचत नाही. ते हिशेबात धरायचं नसतं.

नियमात दिवसा ३० मिनिटांचं राखीव इंधन पुरतं. मग तासभर कशाला?

दिवसा ३० आणि रात्री ४५ मिनिटं हा आंतरराष्ट्रीय नियमांतला किमान आकडा आहे. तो सगळं अंदाजाप्रमाणे घडलं तर पुरतो. पण तुमच्या आधी उतरलेल्या विमानाचं चाक फुटून धावपट्टी अडली, तर अर्ध्या तासात दुसरा विमानतळ शोधून, तिथे पोचून उतरायचं आहे. शिवाय हँडबुकातला खप हा मिक्स्चर नीट लीन केलेल्या, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी केलेल्या, इंजिनाचा असतो. लीन करायचं विसरलात किंवा भीतीने केलंच नाही, तर खप बराच वाढतो आणि राखीव इंधन तुमच्या नकळत संपत जातं.

इंधनाच्या काट्यावर विसंबू नका. डिपस्टिक टाकीत घालून बघा, आकडा लिहा, आणि हवेत घड्याळ आणि काटा यांतला जो कमी इंधन सांगेल त्याचं ऐका.

टाकी भरून चौघं बसू शकतात ना? आसनं तर चार आहेत.

बहुतेक वेळा नाही. समजा विमानाची भार वाहण्याची क्षमता ४०० किलो आहे. पेट्रोल, म्हणजे अ‍ॅवगॅस, लिटरमागे सुमारे ०.७२ किलो भरतं. १५० लिटरचे झाले १०८ किलो. उरले २९२. पंचाहत्तर किलोची चार माणसं म्हणजे ३००. एकही पिशवी न ठेवता तुम्ही मर्यादेबाहेर गेलात.

मग इंधन कमी भरा आणि टप्पे वाढवा, किंवा माणसं कमी करा. "थोडंसं जास्त चालतं" हे बोलणं तुम्हाला हमखास ऐकू येईल. वजन १० टक्के वाढलं की टेकऑफला लागणारं अंतर साधारण २० टक्क्यांनी वाढतं. ते थोडंसं नाही.

एकूण वजनाइतकंच ते कुठे ठेवलंय तेही मोजा. मागच्या कप्प्यात सगळं सामान भरलं की गुरुत्वमध्य मागे सरकतो, विमान नाजूक होतं आणि स्टॉल झालं, म्हणजे पंखांची उचल अचानक गेली, तर सावरायला अवघड जातं. उतरतानाचा गुरुत्वमध्यही काढा, कारण इंधन जळतं तसा तो जागा बदलतो.

सरळ रेघेत जावं की वळसा घेऊन?

बहुतेक वेळा थोडा वळसा घेतलेला बरा. तीनशे मैलांच्या वाटेवर मधल्या बिंदूला वीस मैल बाजूला गेलात तर एकूण अंतर तीन मैलांनीही वाढत नाही. तेवढ्या किमतीत तुम्हाला डोंगराऐवजी सपाटी मिळू शकते, जंगलाऐवजी शेतं मिळू शकतात, आणि वाटेत दोन-तीन विमानतळ येऊ शकतात. हा हिशेब एकदा स्वतः करून बघा. सरळ रेघेचं आकर्षण तिथेच कमी होतं.

वाट ठरवताना बघायच्या गोष्टी: निषिद्ध आणि लष्करी हवाई क्षेत्रं, मोठ्या विमानतळांची नियंत्रित क्षेत्रं, वाटेच्या दोन्ही बाजूंना पाच मैलांत असलेलं सर्वांत उंच टेकाड किंवा टॉवर, आणि इंजिन बंद पडलं तर उतरायला कुठे काय आहे. शेवटची गोष्ट नकाशा नीट सांगत नाही. उपग्रहाची चित्रं सांगतात. आदल्या दिवशी सगळी वाट त्यांच्यावर बघून घ्या.

खुणा निवडताना मोठ्या आणि एकमेव अशा निवडा: नदीचं ठळक वळण, धरणाचा जलाशय, रेल्वेमार्ग आणि नदी जिथे एकमेकांना छेदतात ती जागा. गावं वरून एकसारखी दिसतात. रस्त्यांचंही तसंच. पावसाळ्यानंतर जलाशयाचा आकार नकाशातल्यापेक्षा वेगळा दिसू शकतो, तेवढं ध्यानात ठेवा.

कोणत्या उंचीवर उडायचं?

जमिनीपासून ३,००० फुटांच्या वर असाल तर समोरासमोर येणारी विमानं वेगळ्या उंचीवर राहावीत म्हणून नियम आहे. मॅग्नेटिक ट्रॅक (होकायंत्राच्या उत्तरेपासून मोजलेली वाटेची दिशा) ० ते १७९ अंश असेल तर विषम हजार अधिक ५००, म्हणजे ३,५००, ५,५००, ७,५०० फूट. १८० ते ३५९ असेल तर सम हजार अधिक ५००, म्हणजे ४,५००, ६,५००, ८,५००. काही देश ही विभागणी पूर्व-पश्चिमेऐवजी उत्तर-दक्षिण अशी करतात, तेव्हा तपासून घ्या.

या चौकटीत माझा कल शक्यतो वरच्या उंचीकडे. हवा थंड आणि शांत असते, रेडिओ लांबवर पोचतो आणि इंजिन थांबलं तर विचार करायला वेळ मिळतो. समोरचा वारा वर जास्त जोराचा असेल तर मात्र खाली राहणं फायद्याचं. किती जोराचा, ते उंचीनुसारच्या वाऱ्यांच्या अंदाजात मिळतं.

१०,००० फुटांच्या वर ऑक्सिजनचा विचार करावा लागतो. रात्री नजर त्याच्या बरीच आधी, ५,००० फुटांच्या आसपास मंदावू लागते. आणि लांबच्या वाटेवर अल्टिमीटरमधला (उंची दाखवणाऱ्या उपकरणातला) दाब बदलत राहा. कमी दाबाच्या भागाकडे जाताना जुनाच आकडा ठेवला, तर दर १ हेक्टोपास्कलमागे तुम्ही जवळपास ३० फूट खाली असता आणि काटा ते सांगत नाही.

टॅब्लेट सगळं काढून देतो. वाऱ्याचा हिशेब हाताने कशाला शिकायचा?

टॅब्लेटने दिलेलं उत्तर चुकीचं असेल तर ते ओळखता यावं म्हणून. एक आकडा चुकीचा टाकला की तो निमूटपणे चुकीचं उत्तर देतो.

एक उदाहरण सावकाश करू. जायचंय पूर्वेला, ०९० अंशांवर. वेग ११० नॉट. वारा ०४० अंशांकडून, २० नॉट. वारा आणि वाट यांत ५० अंशांचा कोन आहे. त्यातला आडवा भाग सुमारे १५ नॉट आणि समोरचा सुमारे १३. आडव्या वाऱ्याला तोंड द्यायला नाक साधारण ८ अंश डावीकडे धरावं लागेल, म्हणजे हेडिंग (नाकाची दिशा) ०८२. जमिनीवरचा वेग उरेल ९६ नॉट. मग त्या ०८२ मध्ये त्या भागातलं चुंबकीय विचलन आणि तुमच्या होकायंत्राच्या कार्डावरची दुरुस्ती धरायची. ही गणितं दहा-वीसदा केली की टॅब्लेटने ०९८ दाखवलं तर तुम्ही लगेच थबकाल. वारा डावीकडून आहे, मग नाक उजवीकडे कसं?

जाताना वारा पाठीमागून आहे. मग निर्धास्त ना?

उलट, याच दिवशी परतीचा हिशेब जास्त काळजीने करा. पाठीमागचा वारा तुम्हाला झपाट्याने लांब नेतो, आणि मागे फिरलात की तोच तोंडावर येतो.

राखीव सोडून तीन तासांचं इंधन आहे. जाताना वेग १३० नॉट, येताना ९०. किती वेळाने मागे फिरलं तर घरी पोचता येईल? दीड तास, असं मनात येतं. खरं उत्तर तीन गुणिले ९० भागिले २२०, म्हणजे सुमारे एक तास चौदा मिनिटं. त्यानंतर घरचा विमानतळ तुमच्या यादीतून गेला. मग पुढचाच कुठला तरी हवा. ही वेळ गुडघ्यावरच्या कागदात ठळक लिहा.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. जातानाच्या वाऱ्याचा फायदा येतानाचा तोटा भरून काढत नाही. २४० मैल जायचं आणि तेवढंच परत यायचं, वेग १०० नॉट, वारा नसेल तर चार तास अठ्ठेचाळीस मिनिटं लागतात. २० नॉटचा वारा असेल तर जाताना दोन तास, येताना तीन, एकूण पाच. वारा कुठूनही असो, फेरी लांबतेच.

हवामानात नेमकं काय बघायचं?

दोन-तीन दिवस आधीपासून मोठं चित्र बघायला लागा: कमी दाबाचं क्षेत्र कुठे आहे, कोणत्या दिशेने सरकतंय. आदल्या दिवशी टॅफ (विमानतळाचा हवामान अंदाज) आणि उंचीवरचे वारे. निघण्यापूर्वी ताजे मेटार (विमानतळावरच्या प्रत्यक्ष हवेची नोंद), सिग्मेट (धोकादायक हवेचे इशारे) आणि नोटॅम (वैमानिकांसाठीच्या सूचना). नुसता निघायच्या आणि पोचायच्या जागेचा मेटार बघून भागत नाही, मधल्या सगळ्या जागांचे क्रमाने वाचा. आणि एक वाचन पुरेसं नाही. सकाळी सहाचा, सातचा, आठचा असे ओळीने ठेवलेत तर हवा सुधारतेय की बिघडतेय ते कळतं. अंदाजात सुधारणा लिहिली आहे आणि प्रत्यक्ष हवा तासातासाने बिघडतेय, तर प्रत्यक्षावर विश्वास ठेवा.

टॅफ हा विमानतळाच्या सभोवारच्या काही किलोमीटरपुरता असतो. दोन विमानतळांमधल्या डोंगराबद्दल तो काही सांगत नाही.

इथे एक चूक जीवघेणी ठरते, म्हणून जरा थांबतो. मेटारमधली ढगांची उंची ही त्या विमानतळाच्या जमिनीपासून असते. तुमचा अल्टिमीटर समुद्रसपाटीपासून दाखवतो. २,००० फुटांवरच्या विमानतळाने ढग २,५०० फुटांवर सांगितले, म्हणजे अल्टिमीटरच्या भाषेत ते ४,५०० फुटांवर. वाटेतली डोंगररांग ३,८०० फुटांची असेल तर ढग आणि कडा यांच्यात फक्त ७०० फूट उरले. एवढ्या फटीतून जायचं नाही. बऱ्याच ठिकाणी नियमाने ढगांपासून उभं १,००० फूट अंतर ठेवायचं असतं, तेही इथे मिळत नाही.

तापमान आणि दवबिंदू यांतला फरकही बघा. फरकाच्या दर अंशामागे कुम्युलस ढगांचा तळ साधारण ४०० फूट वर असतो. २८ आणि २० असेल तर ३,२०० फूट. संध्याकाळी हा फरक दोन-तीन अंशांवर आला आणि वारा पडला, तर धुकं धरायची तयारी सुरू झाली असं समजा. दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये बर्फ बसतो, बाहेर २० अंशांच्या वर तापमान असलं तरी. आरपीएम कारण नसताना हळूहळू उतरू लागले की कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी कळ) पूर्ण ओढायची, अर्धी नाही.

गडगडाटी ढगांपासून २० मैल दूर राहा. दोन ढगांमधल्या मोकळ्या जागेतून जाऊ नका. डोंगरमाथ्यावर वारा २५ नॉटच्या वर असेल तर त्या दिवशी छोट्या विमानाने ती रांग ओलांडू नये.

वाटेत ढग खाली येऊ लागले तर?

मागे फिरा, आणि लवकर फिरा. १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने एक प्रयोग केला होता. उपकरणांवर उडण्याचं प्रशिक्षण नसलेल्या वैमानिकांना ढगात शिरल्यासारखी स्थिती दिली, तेव्हा विमान हाताबाहेर जायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंही नाहीत. आतल्या कानाला वळण कळत नाही आणि मन खात्रीने चुकीचं सांगतं. हुशारीचा यात संबंध नाही.

म्हणून आकडा घरी ठरवा. उदाहरणार्थ: ढगांमुळे मला जमिनीपासून १,५०० फुटांच्या खाली उतरावं लागलं किंवा दृश्यता ८ किलोमीटरच्या आत आली, की मी वळणार. नियमातली किमान दृश्यता बहुतेक ठिकाणी ५ किलोमीटर असते. तुमची स्वतःची मर्यादा त्यापेक्षा सैल असूच नये, आणि नव्या वैमानिकाची तर चांगलीच कडक असावी. आकडा आला की वळायचं. "आणखी पाच मिनिटं बघू" हे वाक्य त्या कागदावर नसतं.

जीपीएस असताना कागदी नकाशा लागतो?

लागतो, निदान दुसरं स्वतंत्र साधन तरी लागतं. टॅब्लेट उन्हात तापून बंद पडतो, बॅटरी संपते, आणि जीपीएसचे सिग्नल विस्कळीत असल्याचे नोटॅमही निघतात.

वाट किती चुकली ते मनात काढायला साठात एकचा नियम पुरतो: ६० मैलांवर एक मैल बाजूला म्हणजे एक अंशाची चूक. ३० मैल आलात आणि वाटेपासून २ मैल उजवीकडे आहात, तर चूक ४ अंशांची. हेडिंग ४ अंश डावीकडे घेतलं की मूळ वाटेला समांतर व्हाल. मुक्काम ६० मैल उरला असेल तर तिथे थेट पोचायला आणखी २, म्हणजे एकूण ६ अंश. कॅल्क्युलेटर लागत नाही.

उष्ण दुपारी, उंचावरच्या विमानतळावरून निघायचंय. काय बदलतं?

जवळजवळ सगळं. प्रमाणित हवेत समुद्रसपाटीला १५ अंश असतात आणि दर हजार फुटांना २ अंश कमी होतात. ३,००० फुटांवर ९ अंश अपेक्षित. तिथे ३५ असतील तर फरक २६ अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट धरले की ३,१०० हून जास्त होतात. म्हणजे विमानाच्या दृष्टीने तो विमानतळ ६,१०० फुटांवर आहे. पंखांना हवा विरळ, प्रोपेलरला विरळ, इंजिनालाही विरळ.

हँडबुकातलं टेकऑफचं अंतर नव्या विमानाने आणि कसलेल्या वैमानिकाने काढलेलं असतं. ब्रिटनचा हवाई नियामक त्यावर १.३३ आणि लँडिंगच्या अंतरावर १.४३ चा गुणक लावायला सांगतो. हे गुणक मला पटतात आणि कुठेही उडत असलात तरी लावा असं सांगेन. गवताची किंवा चढाची धावपट्टी असेल तर त्यासाठी वेगळी वाढ.

खरा उपाय मात्र सकाळी लवकर निघण्याचा आहे. थंड हवा, शांत वारा आणि ढग चढायच्या आत पहिला टप्पा संपलेला.

अनोळखी विमानतळावर उतरण्याआधी काय तपासू?

फोन करा. इंधन आहे का, आज मिळेल का, कोणत्या प्रकारचं, किती वाजेपर्यंत, पैसे कसे घेतात, हे पाचही प्रश्न विचारा. छापील माहितीत इंधन असतं आणि प्रत्यक्षात ते भरणारा माणूस रजेवर असतो. भरताना जवळ उभे राहा: १००एलएल (अ‍ॅवगॅसचा प्रकार) निळं असतं, जेट ए-१ (जेट विमानांचं इंधन) रंगहीन किंवा पिवळसर असतं. पिस्टन इंजिनात जेट इंधन गेलं तर विमान उडतं, आणि थोड्या वेळाने बंद पडतं. भरल्यानंतर ड्रेन करून पाणी तपासा.

धावपट्टीची दिशा, लांबी, उंची, सर्किट (उतरण्याआधीची धावपट्टीभोवतीची फेरी) कोणत्या हाताचं, हे लिहून घ्या आणि शेजारी दुसरा विमानतळ आहे का तेही बघा. जेरी मॉक १९६४ मध्ये सेसना १८० मधून एकटीने पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली स्त्री ठरली. तयारी काटेकोर असूनही कैरोला जाताना ती आंतरराष्ट्रीय विमानतळाऐवजी जवळच्या लष्करी तळावर उतरली. धावपट्टी दिसली की "हीच ती" असं वाटतं. धावपट्टीवरचा क्रमांक आणि तुमचं हेडिंग जुळतं का, एवढं तरी उतरण्याआधी बघा.

इंजिन बंद पडलं तर किती लांब जाता येईल?

सेसना १७२ सारखं विमान शांत हवेत दर हजार फुटांना सुमारे दीड सागरी मैल तरंगत जातं. जमिनीपासून ६,००० फुटांवर असाल तर नऊ मैल, समोर वारा असेल तर कमी. पाण्यावरून जाताना हाच आकडा वाट ठरवतो. किनाऱ्यापासून त्यापेक्षा लांब जायचं असेल तर लाइफ जॅकेट अंगात घालून बसा. आसनाखाली ठेवलेलं वेळेला सापडत नाही. ते बाहेर पडल्यावरच फुगवायचं, हे प्रवाशांना निघण्याआधी समजावून सांगा.

शेवटचा टप्पा रात्री केला तर चालेल?

परवाना असेल तर नियमाने चालेल. माझं उत्तर, अनोळखी प्रदेशात आणि दिवसभर उडून झाल्यावर, नाही असं आहे. १६ जुलै १९९९ च्या रात्री अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचे पुत्र जॉन एफ. केनेडी ज्युनियर स्वतः चालवत असलेलं विमान अमेरिकेतल्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ समुद्रात कोसळलं. ते आणि सोबतच्या दोघीही गेल्या. तपासात कारण निघालं दिशाभ्रमाचं: काळोख, धूसर हवा आणि खाली पाणी. नियमाच्या भाषेत ती हवा व्हीएफआरची होती. पण क्षितिज दिसत नसेल तर बाहेर बघून उडण्याला अर्थ राहत नाही.

पूर्वेकडे जात असाल तर सूर्यास्त मुक्कामी घड्याळात लवकर होतो, हे टप्पे आखताना धरा.

फ्लाइट प्लॅन भरणं बंधनकारक नसेल तरी भरावा का?

हो, दरवेळी. तुम्ही पोचला नाहीत हे कुणाला तरी कळायला हवं. आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार अपेक्षित वेळेनंतर ३० मिनिटांत पत्ता लागला नाही की यंत्रणा चौकशी सुरू करते. प्लॅन नसेल तर ती ३० मिनिटं कुणीच मोजत नसतं.

आपत्कालीन बीकन (अपघातानंतर ठिकाणाचा सिग्नल पाठवणारं यंत्र) ४०६ मेगाहर्ट्झचा आहे ना, ते तपासा. उपग्रहांनी १ फेब्रुवारी २००९ पासून १२१.५ वरचे बीकन ऐकणं बंद केलं आहे. बोलण्यासाठी मात्र १२१.५ आजही आपत्कालीन फ्रिक्वेन्सी आहे, आणि ट्रान्सपॉन्डरवर (रडारला ओळखीचा कोड पाठवणाऱ्या यंत्रावर) आणीबाणीसाठी ७७००, रेडिओ बंद पडल्यास ७६००.

सोबतच्या प्रवाशांसाठी काय?

पाणी, उलटीच्या पिशव्या, सगळ्यांना हेडसेट आणि निघण्याआधी स्वच्छतागृह. सर्दी झालेल्या माणसाला नेऊ नका, उतरताना कान भयंकर दुखतात. आणि त्यांना आदल्या दिवशीच स्पष्ट सांगा की आपण कदाचित वाटेतच मुक्काम करू, कदाचित निघणारही नाही.

हे सांगणं सौजन्यापुरतं नाही. लग्नाला, मुलाखतीला, परतीच्या रेल्वेला वेळेवर पोचायचं दडपण वैमानिकाला खराब हवेत ढकलतं. ज्या कामाला चुकवून चालणार नाही त्यासाठी छोटं विमान हे एकमेव साधन ठेवू नका. दोन दिवस हाताशी मोकळे असतील तरच निघा, आणि पर्यायी तिकिटाचे पैसे खर्चात आधीच धरा.

हवेत असताना योजना बरोबर चाललीय हे कसं कळणार?

प्रत्येक खुणेवर वेळ लिहा. पहिल्या दोन खुणांमधल्या वेळेवरून जमिनीवरचा खरा वेग काढा आणि अंदाजाशी ताडून बघा. ९६ ऐवजी ८५ येत असेल तर लगेच पुढचं गणित करा: याच वेगाने मुक्कामी किती इंधन उरेल? तासाभराहून कमी येत असेल तर मधल्या विमानतळावर उतरून भरा. हे पहिल्या तासात कळलं तर साधा बदल असतो.

पोचल्यावर काय करायचं?

सर्वांत आधी फ्लाइट प्लॅन बंद करा. बऱ्याच ठिकाणी तो आपोआप बंद होत नाही आणि तुम्ही चहा पीत असताना तुमचा शोध सुरू होतो. मग टाकी भरा, आणि किती लिटर बसले ते प्रत्यक्ष उडालेल्या वेळेने भागा. अंदाज ३५ चा होता आणि उत्तर ३८ आलं, तर उद्याचा टप्पा ३८ ने आखा. विमान बांधून ठेवा, कंट्रोल लॉक लावा, आणि मुक्कामाला जाण्याआधी उद्या सकाळच्या हवामानावर एक नजर टाका.